मिरच्यांसाठी परत गेलेली नाव

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. घरातले म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसलीस. असं म्हणणारे सगळे दोन्ही पायांवर धड चालणारे आहेत.

माझा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. गेला म्हणजे आहे, पण नावापुरता. चालताना मी एका बाजूला झुकते, मग सावरते, मग पुन्हा झुकते. आयुष्यभर अशी चालल्यामुळे लोक मला लांबून ओळखतात. गावात असताना पोरं माझ्यामागे तसंच चालून दाखवायची आणि मोठी माणसं त्यांना रागवताना हळूच हसायची. सायकलवर मात्र मी चारचौघांसारखीच दिसते. डावं पाऊल पेडलला पट्ट्याने बांधते, उजव्याने मारते, आणि डावं आपोआप फिरतं. हे मला कुणी शिकवलं नाही. केळीच्या बागेतल्या बांधावर पडून पडून मीच शिकले, आणि जळगावात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागल्यावर पहिली कुठली वस्तू घेतली असेल तर ती सायकल.

तीस-एक वर्षं मी जळगावात सायकल चालवली. आता कुणी चालवून दाखवावी. मागून डंपर येतो, रिक्षा येते, बुलेटवरचं कार्टं येतं, आणि प्रत्येक जण असा हॉर्न मारतो की जणू मी त्याच्या बापाच्या अंगणात उभी आहे. नशिराबादकडे जाणारा रस्ता एकेकाळी माझा आवडता होता. सकाळी जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. आता तिकडे सायकलवर जाणं म्हणजे स्वतःच्या तेराव्याची तयारी. एकदा एका ट्रकने इतक्या जवळून हवा मारली की मी सायकलीसकट खडीच्या ढिगाऱ्यात गेले. क्लीनर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, मावशी, घरी बसा. त्या दिवसापासून सायकल गॅलरीत उभी राहिली आणि मी तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले.

मग उजवा गुडघा गेला. इतकी वर्षं दोघांचं काम एकट्याने केल्यावर तो जाणारच होता. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. मी विचारलं, नंतर सायकल? ते म्हणाले, तुमच्या बाबतीत विसरा, नव्या गुडघ्यावर एकट्याने एवढा जोर देता येणार नाही. हे त्यांनी फोनवरचा मेसेज वाचता वाचता सांगितलं. मी बाहेर आले, रिक्षात बसले आणि घरी येऊन वरणभात लावला. ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं.

तेव्हा मी ठरवलं, एकदा चालवायची. मागून हॉर्न येणार नाही, कुणी सरक म्हणणार नाही, असा एक पूर्ण रस्ता एकदा चालवायचा आणि मग काय ते कापाकापी करा म्हणायचं. असा रस्ता कुठे असतो? आमच्या कॉलेजात एक सर आहेत, पक्षी बघत फिरतात. त्यांनी सांगितलं, तापीच्या फुगवट्यात एक बेट आहे. धरण व्हायच्या आधी ते नुसतं टेकाड होतं, भोवती शेतं. शेतं पाण्याखाली गेली, टेकाड राहिलं, आणि त्याच्या कडेकडेने फिरणारा जुना गाडरस्ता राहिला. एकही गाडी नाही, कारण जाणार कशी? मासेमारी करणारा एक जण मोटारीच्या नावेतून सोडतो, आणि सायकलही नेतो म्हणाले. मी त्या नाववाल्याला फोन केला. तो म्हणाला, या अक्का, सायकल आडवी टाकू. मला रात्री नीट झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

इथे मी चूक केली. सायकल पाण्यापर्यंत न्यायची कशी, म्हणून मी भावाला फोन केला. भाऊ माझ्यापेक्षा लहान, पण घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात, मीसुद्धा. तो गावी रावेरकडे असतो, केळीची बाग आहे, माल वाहायला पिकअप आहे. मी म्हटलं, एक दिवस पिकअप दे, मला बेटावर सायकल चालवायची आहे. तो म्हणाला, "बेट? कोन्तं बेट?" मी सांगितलं. मग म्हणाला, "अक्का, भारी जागा सांगितली तू. आपण तठी भरीत करू."

ज्याला खानदेश माहीत नाही त्याला हे कळणार नाही. आमच्याकडे हिवाळ्यात माणसाला मोकळी जागा दाखवा, त्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा भरीत उभं राहतं. शेत दिसलं, भरीत. नदीचा काठ दिसला, भरीत. उद्या कुणी चंद्रावर नेलं तरी आमची माणसं आधी विचारतील, तिथे कपाशीच्या काड्या मिळतील का, का इथून न्यायच्या? गॅसवर भाजलेलं वांगं आम्ही भरीत मानत नाही. काड्यांच्या जाळावर वांगी काळी होईपर्यंत भाजायची, सोलून लाकडी बडजीत ठेचायची, वर हिरव्या मिरच्यांची आणि कांद्याच्या पातीची फोडणी, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, आणि हे सगळं केळीच्या पानावर. मलाही आवडतं, नाही कशाला म्हणू? पण मी त्याला भरीत मागितलं नव्हतं, पिकअप मागितली होती.

पुढचे दोन आठवडे माझ्या बेटाचं काय काय झालं ते मला फोनवर कळत गेलं. भावाच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि व्याही-विहीण पहिल्यांदाच पुण्याहून मुक्कामाला येणार होते. भावाने त्यांना बेटाचं आमंत्रण देऊन टाकलं. मग चार भाऊबंद वाढले, त्यांच्या बायका वाढल्या. मी प्रत्येक फोनला विचारायची, सायकलीचं लक्षात आहे ना? तो म्हणायचा, "हो वं, तुही सायकल पहिली." पहिली.

त्या दिवशी सकाळी पिकअप जळगावला आली, सायकल वर चढली, आणि आम्ही पाण्यापाशी पोचलो. नाव उभी होती, बरी मोठी, निळा रंग दिलेली. नाववाला चाळिशीतला, हसरा. त्याने आधी माणसं पाहिली, मग पिकअपमधून उतरणारं सामान पाहिलं आणि त्याचं हसू कमी झालं. वांग्यांचं पोतं, काड्यांच्या मोळ्या, बडजी, तेलाचा डबा, पुऱ्यांची टोपली, पाण्याचे जार, सतरंज्या. तो भावाला म्हणाला, भाऊ, एवढं एका खेपेत बसणार नाही, काहीतरी ठेवावं लागेल.

भावाने सामानावरून नजर फिरवली. मी बघत होते. नजर वांग्यांवरून गेली, काड्यांवरून गेली आणि बाभळीला टेकवलेल्या माझ्या सायकलीवर येऊन थांबली. अगदी सहज थांबली.

"सायकल राहू दे इठीच," तो म्हणाला.

मी म्हटलं, "भाऊ, मी सायकलीसाठी आले आहे."

"अक्का, तठी काय डांबरी रस्ता हाये का? आणि तुले काहाले फिरायचं उन्हातान्हात? तुह्यासाठी खुर्ची आणेल हाये."

खरंच आणली होती. लाल प्लास्टिकची, हातांची. त्याने ती मोठ्या मायेने उचलली आणि नावेत मधोमध ठेवली. खुर्चीने सायकलीएवढीच जागा घेतली होती, हे तिथल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

"दोन खेपा करू," मी म्हटलं.

"दोन खेपा म्हणजे दुपार होईन वं. व्याही भुकेले राहतील का?"

व्याही बिचारे म्हणाले, आम्हाला काही घाई नाही. त्यांचं कोण ऐकतं? वहिनी माझ्याजवळ आली, माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "अक्का, आज नको हो. पाहुणे आहेत." आणि मी गप्प बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि मी गप्प बसले. पाहुण्यांसमोर तमाशा नको हे आमच्या हाडात इतकं मुरवलंय की घराला आग लागली तरी आम्ही आधी पाहुण्यांना चहा विचारू. मी नावेत चढले. चढताना दोघांनी माझे दंड धरले, ओझं उचलावं तसं, आणि मला खुर्चीत बसवलं.

नावेचा प्रवास सुंदर होता असं विहीण नंतर फोनवर सगळ्यांना सांगत होती. असेल. पाणी सपाट होतं, थंड वारा होता, मोटारीचा टक-टक आवाज येत होता. मधे एक विजेचा खांब पाण्यातून अर्धा वर आलेला दिसला आणि त्याच्या टोकावर एक काळा पक्षी पंख पसरून बसला होता. व्याही सारखे फोटो काढत होते. भाऊ त्यांना सांगत होता, इथे खाली गहू व्हायचा, तिकडे ऊस. मी वळून काठाकडे बघत होते. बाभळीखाली सायकल लहान लहान होत गेली आणि मग बाभूळही ओळखू येईना.

बेटावर उतरलो. लिंबाची दोन-तीन झाडं होती, त्यांच्या सावलीत सतरंज्या पडल्या, काड्या पेटल्या, माझी खुर्ची धूर येणार नाही अशा बाजूला ठेवली गेली. सगळे माझी फारच काळजी घेत होते. अक्का, पाणी देऊ का? अक्का, ऊन लागतंय का? आणि तिथून वीस पावलांवर तो गाडरस्ता होता. दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, लिंबांच्या मागून वळून जाणारा. इतका चांगला रस्ता मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. मी काठी घेऊन उठले आणि त्याच्यावरून चालायला लागले. वळणापर्यंत गेले असेन नसेन, गुडघ्यात कळ आली. एका दगडावर बसले आणि मग आले तशी परत फिरले. भाऊ लांबून ओरडला, "अक्का, पडशीन वं." व्याही आणि दोघं भाऊबंद तोवर तिकडून पायी फेरी मारून आले होते. त्यातला एक मला म्हणाला, काही नाही हो तिकडे बघण्यासारखं, तुमचं काही हुकलं नाही. त्याला तिथेच पाण्यात ढकलावंसं वाटलं.

वांगी भाजून झाली. सोलून झाली. माझ्यापुढे बडजी आणून ठेवली, कारण भरीत ठेचायला पाय लागत नाहीत. मी ठेचायला बसले. चांगलं जोरात ठेचलं. आणि मग वहिनीने पिशव्या उचकायला सुरुवात केली. एक पिशवी पाहिली, दुसरी पाहिली, टोपली उलटी केली आणि कपाळाला हात लावला. मिरच्यांची पिशवी पिकअपमध्येच राहिली होती.

मिरच्यांशिवाय भरीत म्हणजे आजाऱ्याचं जेवण. भाऊबंदांचे चेहरे असे पडले की गावात कुणी गेलं असावं. पण भावाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्याने पिकअपची किल्ली काढली, नाववाल्याकडे टाकली आणि म्हणाला, "जाय बरं पटकन, घेऊन ये."

नाववाला निघाला सुद्धा.

मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हे कळायला मला थोडा वेळ लागला. माझ्या सायकलीसाठी नावेला दुसरी खेप जड होत होती. दुपार होत होती, व्याही भुकेले राहत होते. मिरच्यांसाठी नाव परत जात होती आणि एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. भाऊ दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. त्याला ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्याच नव्हत्या. मी हातातलं मुसळ बडजीत टाकलं आणि उठले.

"थांब रे," मी नाववाल्याला म्हटलं. "मी येते."

"तू काहाले?" भाऊ म्हणाला.

"पिशवी मी ठेवली होती. त्याला सापडणार नाही."

हे खोटं होतं. पिशवी सीटवर उघडी पडलेली होती, आंधळ्यालाही सापडली असती. काठावर पोचल्यावर नाववाल्याने ती आणली आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आता सायकल टाक. तो घुटमळला. म्हणाला, अक्का, भाऊ काही म्हणतील. मी विचारलं, नाव तुझी का भाऊची? तो हसला आणि त्याने एका हाताने सायकल उचलून नावेत आडवी केली. भरपूर जागा होती.

परत जाताना मिरच्या माझ्या मांडीवर होत्या. तापीत फेकून द्याव्यात असं दोनदा मनात आलं, पण मिरच्यांचा काय दोष? मी नाववाल्याला सांगितलं, मला जेवणाच्या जागेपाशी सोडू नकोस, अलीकडे जिथे गाडरस्ता पाण्याला लागतो तिथे उतरव, आणि मिरच्या पुढे नेऊन दे. त्याने तसंच केलं. सायकल रस्त्यावर उभी करून दिली आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, मी बसेपर्यंत. मी पट्टा बांधला, उजवा पाय मारला आणि निघाले.

मागून कुणी हॉर्न दिला नाही. कुणी सरक म्हटलं नाही. चाकोरी कडक होती, चाक छान धावत होतं. आणि मी भावाशी भांडत होते. सायकल पहिली म्हणालास ना, मी त्याला म्हणत होते, मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्याने. पहिली म्हणजे काय असतं तुमच्यात? आईच्या आजारपणात सहा महिने कोण राहिलं? पोरीच्या लग्नात हॉलच्या दारात खुर्ची टाकून कुणाला बसवलं, येणाऱ्यांना अक्षता वाटायला, म्हणजे उठावं लागणार नाही? माझ्यासाठी सगळीकडे खुर्ची, मला कधी विचारलं का बसायचंय का म्हणून? वहिनीलाही घेतलं मध्ये. पाहुणे आहेत म्हणे. पाहुणे कधी नसतात आपल्याकडे? त्याची उत्तरंही मीच देत होते, त्याच्याच बोलीत, आणि त्या उत्तरांनी जास्तच भडकत होते. चढ आला तो चढले. उतार आला तो उतरले. काही तरी एकदम उडालं बाजूच्या गवतातून, मी मान वळवली नाही, कारण तेव्हा मी त्याला ट्रकच्या क्लीनरची गोष्ट सांगत होते आणि म्हणत होते की तू आणि तो एकच.

मग धुराचा वास आला. समोर लिंबाची झाडं, सतरंज्या, लाल खुर्ची. बेट संपलं होतं.

मी ब्रेक दाबला आणि रस्त्यातच उभी राहिले. पूर्ण चक्कर झाली होती आणि मला काहीही आठवत नव्हतं. पलीकडे पाणी किती जवळ होतं? झाडं होती का? रस्ता कुठे वळला? काही नाही. माझ्या आयुष्यातला एक रस्ता मी मागितला होता आणि तो सगळा मी ह्याच्याशी भांडण्यात घालवला होता. पुन्हा जाऊ, मी म्हटलं. आता तोंड बंद ठेवून, नीट बघत जाऊ. मी सायकल वळवली, पेडलवर जोर दिला, आणि उजवा गुडघा आतून अडकला. वाकेना, सरळ होईना. डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन माणसं धावत आली आणि त्यांनी मला सायकलीवरून सोडवलं, डाव्या पायाचा पट्टा कापावा लागला.

भावाने पान वाढून ठेवलं होतं. "ये अक्का, गरम हाये," तो म्हणाला, "तू नव्हती म्हणून मीबी जेवलो नाही." ते खरं होतं, त्याचं पान कोरं होतं. सायकलीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मी जेवले. भरीत अप्रतिम झालं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

ऑपरेशन ठरल्याच्या आधीच करावं लागलं. दवाखान्यात भाऊ रोज यायचा, गावाहून एसटीने, कारण पिकअप केळीच्या मालाला लागायची. रात्री बाकावर झोपायचा. मला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, आमच्या अक्काने एका पायाने आख्ख्या बेटाला चक्कर मारली, व्याही पाहतच राह्यले. असं सांगायचा की जणू सायकल त्यानेच नावेत चढवून दिली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

एकदा दुपारी कुणी नव्हतं. तो पलंगाजवळ स्टुलावर बसून मोसंबी सोलत होता. सालं नीट एका कागदावर जमा करत होता. मान खाली घालूनच म्हणाला, "अक्का, एक विचारू का? मी त्या दिवशी चुलीपासून हाललोच नाही. पलीकडल्या अंगाला काय होतं वं?"

सगळ्या जन्मात त्याने मला पहिल्यांदा असं काही विचारलं होतं, जे मला माहीत असेल आणि त्याला नसेल. मी आठवायला डोळे मिटले. खूप प्रयत्न केला. चाकोरी आठवली, आणि त्याचा आवाज आठवला.

"तू होता," मी म्हटलं.

"मी? मी तर इकडे वांगी भाजत होतो." तो हसला, गोळ्यांमुळे मी काहीतरी बरळतेय असं त्याला वाटलं असावं, आणि त्याने मोसंबीची फोड माझ्यापुढे धरली. मी हात बाहेर काढला नाही. बराच वेळ तो ती तशीच धरून बसला होता.